संपाच्या वर्षातली खानावळ

उमेद टिकवायची कशी, असं हल्ली ओळखीतली तरुण मुलं मला विचारतात. कुणाची नोकरी एका ईमेलवर गेलेली असते, कुणाचं दुकान भाड्यापुरतंही चालत नसतं, कुणाच्या डोक्यावर घराचे हप्ते असतात. मी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे ती हिशोबाचा सल्ला मागायला येतात. तो मी देते. क्रेडिट कार्डाचं कर्ज सगळ्यांत आधी फेड. सोनं ठेवायची वेळ आलीच तर सावकाराकडे जाऊ नकोस, बँकेत ठेव. आरोग्यविम्याचा हप्ता चुकवू नकोस. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो खरा प्रश्न असतो, त्याला हा सल्ला पुरत नाही. त्या प्रश्नाबद्दल मला जे काही कळतं ते बँकेत कळलेलं नाही. ते मुंबईत लालबागला, १९८२ साली, गिरण्यांच्या संपात, आमच्या चाळीतल्या एका खानावळीत कळलं.

कापडगिरण्यांच्या भोवती वसलेल्या गिरणगावातली खानावळ म्हणजे पाटी लावलेलं, टेबलं मांडलेलं हॉटेल नव्हे. एखाद्या बाईची दहा बाय बाराची राहती खोली हीच तिची खानावळ. त्याच खोलीत तिचा नवरा, मुलं, कधी सासू. कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी स्टोव्ह आणि शेगडी, भिंतीला फळ्या, फळ्यांवर पितळेचे डबे. या खोलीत रोज पंधरा-वीस गडी जेवून जायचे. ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, साताऱ्या-सांगलीकडून, घाटावरच्या गावांतून गिरणीत आलेले. बायकामुलं गावी, शेतीवर. हे इथे गावकरी मंडळाच्या गाळ्यात राहायचे. एका गावाचा एक गाळा. भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, दोरीवर कपडे, आणि झोपायची जागा पाळीप्रमाणे. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनला सुटायची, दुसरी मध्यरात्री, तिसरी पुन्हा सकाळी सातला. एक उठला की त्याच वळकटीच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. त्यामुळे खानावळवालीच्या घरात चूल विझायची वेळच येत नसे. पहाटे पहिल्या पाळीचं जेवण, दुपारी दुसऱ्या पाळीचे डबे, रात्री तिसऱ्या पाळीचं ताट.

पैसे महिन्याला, पगार झाल्यावर. कुणी गावाला जाणार असेल, कुणाचा उपास असेल, तर आदल्या रात्री ‘खाडा’ सांगायचा. महिन्याच्या हिशोबातून तेवढी जेवणं वजा. बुधवारी मासळी, रविवारी मटण, एरवी चपाती किंवा भाकरी, एक भाजी, आमटी-भात. हे सगळं करणारी बाई बहुतेक वेळा घरातली एकमेव धड कमावती असायची. नवरा आजारी, नाहीतर बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं आणि कुणी कायम कामगार गैरहजर असला तर त्या दिवसापुरतं काम मिळायचं. काही जणींना नवऱ्याने टाकलेलं होतं. काही विधवा होत्या. आमच्या मजल्यावरच्या खानावळवालीला सगळी चाळ मावशी म्हणायची. तिचा नवरा गिरणीत खोकल्याने खंगून गेलेला, पदरात दोन मुलगे. तिचं माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं. बोलणं तिकडचंच, आणि आवाज असा की खालच्या नळावर उभं राहिलं तरी कळे आज कालवण कशाचं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होते, पण त्याआधीची महिने-दोन महिन्यांची घालमेल मला आठवते. बोनसवरून ठिणगी पडली होती. त्यामागे बरंच साचलेलं होतं. इंजिनिअरिंग आणि औषधांच्या कारखान्यांतले पगार गिरण्यांपेक्षा कितीतरी चांगले झाले होते. बदली कामगारांना कायम करायचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलेलं. आणि १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, पण कायद्यापुढे त्यांच्या विश्वासाला किंमत नव्हती. म्हणून ते घाटकोपरला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या दाराशी गेले. साठाच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार एकाच वेळी थांबले. भोंगे वाजायचे थांबले तेव्हा आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना वेळ कळेनाशी झाली.

महिना-दीड महिन्यात मिटेल, असं सगळे धरून चालले होते. आधीचा मोठा संप लोकांच्या आठवणीत होता आणि तो मिटला होता. त्याहून जुन्या माणसांना १९२८ सालचा सहा महिन्यांचा संप ऐकून माहीत होता. म्हणून पहिल्या महिन्यात कुणी घाबरलं नाही. मावशीने वहीत नावापुढे आकडे मांडले आणि पुढच्या पगाराची वाट पाहायला सुरुवात केली.

मार्च उजाडला. रविवारचं मटण आधी गेलं, मग मासळी आठवड्यावरून पंधरवड्यावर गेली आणि सुक्या बांगड्यावर आली. चपात्यांच्या भाकऱ्या झाल्या. भाजीच्या जागी पिठलं, कुळथाची पिठी, कधी नुसती चटणी. आमटीत पाणी वाढत गेलं. पण ताटं मांडली जात होती.

आणि याच सुमाराला गड्यांचे खाडे वाढले. कुणी म्हणे आज पोट बरं नाही. कुणी म्हणे परळला आतेभावाकडे जेवून येतोय. एकजण तर दर चार दिवसांनी संकष्टी आहे म्हणून सांगायचा. या सगळ्यांना भूक होती. पण आपल्या नावापुढचा आकडा रोज वाढताना बघणं त्यांना जेवणापेक्षा जड जात होतं. कुणाचं देणं ठेवायचं नाही, या एका गोष्टीवर या माणसांनी गाव सोडून मुंबईत वीस-वीस वर्षं काढली होती. गिरणी बंद पडली तेव्हा पगार गेलाच, पण त्याहून जास्त, ही इज्जत जाण्याची त्यांना धास्ती होती. उमेद सुटलेल्या माणसाचं पहिलं लक्षण मी तेव्हा पाहिलं आणि पुढे बँकेच्या काउंटरवरही तेच पाहिलं. तो रडत नाही, भांडत नाही. तो यायचा बंद होतो.

मावशीला हे कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. तिने त्या संकष्टीवाल्याला सगळ्यांसमोर विचारलं, ‘ह्या महिन्यात संकष्टी किती वेळा इली रे?’ आणि मग तिथल्या तिथे जाहीर केलं की संप मिटेपर्यंत खाडा बंद. ज्याचं ताट आहे त्याने यायचं. नाही आला तर ती धाकट्याला गाळ्यावर पाठवायची. पोरगा दारात उभा राहून एवढंच म्हणायचा, ‘आयेन बोलावल्यान हा.’ मग येणं भाग पडायचं. कुणी पैशांचं तोंडातून काढलं तर तिचं ठरलेलं उत्तर होतं: ‘तुका पैसे कोणी इचारले? जेव आदी. पैशांचा मागसून बघूया.’

ती पैसे सोडून देत नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वही चालूच होती. रोजच्या जेवणाचा आकडा ती थोरल्या मुलाकडून लिहून घ्यायची, तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. ‘राहू दे, देऊ नकोस’ असं ती म्हणाली असती तर त्यातले निम्मे दुसऱ्या दिवसापासून आले नसते. वहीत नाव आहे याचा अर्थ समोरची बाई असं धरून चालली आहे की हा माणूस पुन्हा कमावणार, हा पुन्हा देणार. संपाच्या सहाव्या महिन्यात त्या माणसाला स्वतःलाही ते वाटत नव्हतं. त्याच्या वतीने ते मावशी धरून बसली होती. माझ्या मते एका माणसाला दुसऱ्याची उमेद टिकवता येते ती याच रीतीने. ‘सगळं नीट होईल’ असं बोलून ती टिकत नाही. तो पुढेही असणार आहे असं गृहीत धरून व्यवहार चालू ठेवला, की टिकते.

मग गड्यांनी स्वतःची वाट काढली. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, ते भरायचं काम दोघांनी घेतलं. रॉकेलच्या रांगेत एकजण तिची आणि आपली अशी दोन रेशनकार्डं घेऊन उभा राहायचा. दळण, लाकडं, स्टोव्हची पिन, मोरीची फुटलेली फरशी, सगळं होऊ लागलं. एकजण सातवी-आठवी शिकलेला होता, तो धाकट्याचा अभ्यास घ्यायचा, आणि मग चाळीतली बाकीची पोरंही त्याच्यापुढे बसू लागली. पावसाच्या तोंडावर बरेच गडी लावणीला गावी गेले. दसऱ्याच्या आगेमागे परत आले ते एसटीच्या टपावर पोती टाकून. उकडे तांदूळ, नाचणी, कुळीथ, आमसुलं, एका पोत्यात नारळ. गावानेच पाठवलं होतं. तेव्हा कितीतरी गावांनी असं धान्य मुंबईला पाठवलं. आजवर मुंबईची मनिऑर्डर गावाला जात आली होती, त्या वर्षी गावाचं पोतं मुंबईला आलं. मावशीने त्या तांदळाचे पैसे ज्याच्या-त्याच्या नावावर जमा धरले. वाणी ज्या दराने तांदूळ द्यायचा, त्याच दराने.

वाण्याबद्दलही लिहायला हवं, कारण खानावळींचं कौतुक होतं आणि तो विसरला जातो. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी गुजराती. त्याच्या लाल वहीत मावशीचं पान होतं, आमचं होतं, अर्ध्या गल्लीचं होतं. संपाचे पाच-सहा महिने त्याने तोंडातून ब्र न काढता माल दिला. मग एक दिवस त्याने हात जोडले. मस्जिद बंदरचा घाऊक व्यापारी त्याला माल द्यायचा थांबला होता. पुढे बँकेत बसून मी हे चित्र कागदावर अनेकदा बघितलं: गिऱ्हाईक वाण्यावर, वाणी घाऊकवाल्यावर, तो आणखी कुणावर, आणि यांतल्या एकाने श्वास सोडला की खालपर्यंत सगळे कोसळतात. पण १९८२ मध्ये मला एवढंच कळलं की वाणीकाका मावशीशी बोलताना खाली बघत होते. त्यांनी त्या दिवशीही पाच किलो ज्वारी दिली. ती वहीत लिहिली की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मावशीच्या हातातल्या पाटल्या गेल्या.

इथे मला थांबायचं आहे, कारण गिरणगावातल्या माणुसकीच्या गोष्टी सांगताना लोक नेमके इथून पटकन पुढे जातात. त्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, आणि सावकाराचं व्याज वर्षाचं नव्हे, महिन्याचं असे. शेकडा पाच हा ओळखीच्या माणसाचा दर. पाटल्यांचं व्याज भरायला तिने भांडी ठेवली, भांड्यांसाठी आणखी उसने घेतले. एका बाईने वीस गड्यांना जेवू घातलं हे खरं. पण ते ओझं अडीच लाख कामगारांचं होतं, शहराचं होतं, सरकारचं होतं, आणि ते एका लिहिता न येणाऱ्या विधवेच्या मनगटावर येऊन थांबलं हेही तितकंच खरं. मावशीच्या मोठ्या मनाबद्दल मी कितीही लिहीन, पण तिच्या पाटल्या जायला नको होत्या. ज्या समाजाला कठीण काळात फक्त अशा बायकांवर अवलंबून राहावं लागतं, तो समाज त्यांचा अपराधी असतो.

हे ज्यांना आधीच उमगलं होतं, त्यांत प्रेमा पुरव होत्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. सत्तरच्या दशकातल्या संपात त्यांनी पाहिलं की लढणाऱ्या कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच मोर्च्यात नसतं, आणि संप मिटल्यावर कामगार कामावर जातो, या मात्र सावकाराच्या दारात राहतात. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कल्पना साधी होती. खानावळवाल्यांनी गट करायचा, एकमेकींची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मागायचं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबाला कर्ज द्यायचं हे धोरण कागदावर होतं. पण तारण नाही, सही येत नाही, खोली भाड्याची, अशा बाईला बँकेच्या आत घेऊन जाणारं कुणीतरी लागतं. मंडळाने ते केलं. अंगठा उठवणाऱ्या बायका सही करायला शिकल्या, हप्ते भरू लागल्या, आणि हप्ते बुडवणाऱ्यांत त्या नव्हत्या. ज्या बाईला महिन्याच्या शेवटी वीस जणांचा हिशोब लागतो, तिला बँकेचा एक हप्ता अवघड नसतो. पुढे दादरला मंडळाचं स्वयंपाकघर झालं.

मावशी उशिरा, संपाच्या दुसऱ्या वर्षी, शेजारच्या चाळीतल्या बायकांबरोबर अशा एका गटात गेली. सावकाराचं कर्ज तिने बँकेच्या कर्जातून फेडलं. पाटल्या सुटल्या नाहीत, त्या तोवर बुडालेल्या होत्या. पण महिन्याला शेकडा पाचवरून वर्षाच्या व्याजावर येणं काय असतं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. मी बँकेच्या परीक्षेला बसले त्यामागे घरची गरज होती, नोकरी हवीच होती. पण दुसऱ्या कुठल्या परीक्षेला न बसता याच परीक्षेला बसले, त्याचं कारण ती होती.

चांगुलपणाला भांडवल लागतं. मदत करणाऱ्या माणसाच्या पाठीशी काहीतरी उभं असावं लागतं, स्वस्त कर्ज, रेशनचं धान्य, गावचं पोतं, शेजारणींची हमी. नाहीतर तो एकटा वाकतो आणि ज्याला धरून ठेवलं होतं त्याच्यासकट पडतो. आमच्या चाळीतल्या बायका घरी पापड लाटायच्या. लिज्जतची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली होती, ही गोष्ट तेव्हा प्रत्येकीला पाठ होती. ऐंशी रुपये फार नव्हते. पण ते कुणीतरी दिले होते.

संप मिटला नाही. तो कधी अधिकृतपणे मागेही घेतला गेला नाही. हळूहळू काही गिरण्या सुरू झाल्या, काहींनी निम्मी माणसं परत घेतली, लाखाच्या वर कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. माझ्या बाबांची त्यांत गेली. अनेक वर्षं घरात एक अफवा यायची आणि महिनाभर राहायची: पुढच्या पंधरवड्यात तोडगा, दिल्लीत बोलणी चालू, अमुक गिरणी दसऱ्याला उघडणार. प्रत्येक अफवेबरोबर बाबा दाढी करायचे, खाकी शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. ते शिवणकाम उत्तम जाणत होते, पण गिरणी उघडणार असताना दुसरा धंदा कशाला, असं म्हणून त्यांनी मशीन घेतलं नाही. आई मात्र पहिल्या सहा महिन्यांतच पापडाला लागली. तिचा संपावर विश्वास नव्हता असं नाही, मोर्च्याला ती बाबांच्या पुढे असायची. पण ती मोर्च्याला जाताना पीठ भिजवून जायची. उमेद या दोन्हींना म्हणतात आणि त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. कुणाच्यातरी निर्णयाची वाट बघत बसलेली उमेद माणसाला आतून पोखरते, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं. मी त्यांना दोष देत नाही. तेवीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहिलेल्या माणसाला आपलं खातंच जगातून नाहीसं होतंय हे पटणं सोपं नसतं.

आणि तरी लांबची वाट बघणारी उमेदही कामाला येते, जर ती संघटित असेल तर. १९८९ मध्ये गिरणी कामगार संघर्ष समिती झाली. दत्ता इस्वलकर हे तिचे पुढारी आणि तिचा चेहरा, स्वतः मॉडर्न मिलचे कामगार. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा वाटा शहराला आणि घरांना मिळायचा होता. २००१च्या बदलाने तो आक्रसला. समितीने मागणी सोडली नाही: जिथे आमच्या आयुष्याचा घाम गेला तिथे आम्हाला घर द्या. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत काढली. संप सुरू झाल्यापासून तीस वर्षांनी. अर्ज लाखाहून जास्त आणि घरं त्यामानाने फार थोडी, हा अन्याय आजही संपलेला नाही. पण ती मिळाली तेवढी घरं केवळ या कारणाने मिळाली की माणसं पाऊस असो, निवडणूक असो, नेमाने जमत राहिली. इस्वलकर २०२१ मध्ये गेले. त्यांच्यासारख्या शांत, न ओरडणाऱ्या माणसाबद्दल मुंबईने अजून पुरेसं लिहिलेलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी डोंबिवलीत होते आणि मला पहिल्या आठवड्यातच खाडे दिसायला लागले. आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणारी, इस्त्रीवाला, रिक्षावाले, केटररकडे वाढपी म्हणून जाणारी पोरं. कुणी काही मागायला आलं नाही. यायचे बंद झाले, फोन उचलेनासे झाले. शहरभर अन्नाची पाकिटं वाटली जात होती आणि ज्यांनी वाटली त्यांना माझा नमस्कार आहे. राज्य सरकारची शिवभोजन थाळी त्याच वर्षी २६ जानेवारीला दहा रुपयांत सुरू झाली होती, टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भात. ते पाच रुपये मला फार योग्य वाटले. पाच रुपयांत जेवण बनत नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण रांगेतला माणूस विकत घेऊन जेवत होता.

आमच्या सोसायटीत आम्ही काही जणींनी ठरवलं की कामाला येणाऱ्या कुणाचाही पगार कापायचा नाही. त्यावर वाद झाला. ‘काम नाही तर पगार कशाचा’ हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांतले काही स्वतः घरून काम करत पूर्ण पगार घेत होते, काहींचे मात्र खरोखर निम्मे झाले होते, आणि त्या दुसऱ्यांशी मला भांडता आलं नाही. शेवटी ज्याला जमेल त्याने पूर्ण, ज्याला नाही त्याने निम्मा, पण कुणीही शून्य करायचा नाही, असं ठरलं. जिथे पगार देणं लागत नव्हतं, म्हणजे इस्त्रीवाला, रिक्षावाला, तिथे आम्ही पुढच्या कामाचे पैसे आगाऊ दिले. इस्त्रीवाल्याने नंतर जवळजवळ वर्षभर शर्टांच्या हिशोबात ते फेडले. फेडून झाले त्या दिवशी त्याने माझ्याकडून वहीत सही घेतली आणि लगेच नेहमीचा दर दोन रुपयांनी वाढवल्याचं सांगितलं. मला दोन्हीचा आनंद झाला.

त्यासाठी जमवलेल्या पैशांतून उरलेल्या रकमेची आम्ही अडीअडचणीला उसने द्यायला एक छोटी गंगाजळी केली. ती अजून चालू आहे. दर महिन्याला प्रत्येक सभासद आपल्याला झेपेल तेवढं टाकतो, घरकामाला येणाऱ्या बायकाही सभासद आहेत आणि त्यांच्यातल्या दोघी हिशोब बघतात. व्याज नाही. हप्ता किती, हे घेणाऱ्याने सांगायचं, आम्ही नाही. कारण विचारायचं नाही, हा नियम करायला मला बराच जोर लावावा लागला. बँकेत मी आयुष्यभर कारण विचारत आले आणि कारण विचारणं तिथे बरोबरच होतं, तो लोकांच्या ठेवींचा पैसा. इथे आमचाच आहे. नवऱ्याच्या दारूमुळे मुलाची फी अडलेल्या बाईला ते दहा जणांसमोर सांगावं लागलं, तर फी मिळायच्या आधी तिची इज्जत जाते. थोडे पैसे बुडाले आहेत. ते बुडणार हे धरूनच चालतो.

नोकरी गेलेल्या मुलांना मी आता हे सांगते, आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या मित्रांना, भावंडांना जास्त सांगते. त्याला बोलावत राहा. लग्नाला, ट्रेकला, शनिवारच्या क्रिकेटला. वर्गणी काढत असाल तर त्याचं नाव वगळू नका, हळूच कमी आकडा सांगा. त्याला शिकवायला जाऊ नका, त्याने काय चुकवलं ते तो रात्रभर मोजत असतो. त्याला एखादं काम सांगा, खरं काम, ज्याचा तुम्हाला उपयोग आहे: आईचे दवाखान्याचे कागद लावून दे, पोराचं गणित घे, माझा बायोडेटा बघ. पैसे द्यायचे असतील तर आकडा आणि तारीख ठरवून उसने द्या, आणि ती तारीख निघून गेली तर आपणच फोन करून पुढची तारीख ठरवा, म्हणजे तो तुमचा फोन टाळणार नाही. आणि तुमच्या स्वतःच्या घराचा सहा महिन्यांचा खर्च जर बाजूला नसेल, तर पैसे देणं एकट्याने करू नका. चार जण गोळा करा. एकाने पाटल्या घालवण्यापेक्षा चौघांनी थोडी झळ सोसलेली बरी.

मावशी २००० नंतर गेली. खानावळ तिच्या धाकट्याच्या बायकोने पोळी-भाजी केंद्र म्हणून पुढे चालवली, चाळ पुनर्विकासात पडेपर्यंत. त्या वहीचं काय झालं, असं मला लोक विचारतात. काहींनी पुढे सगळे पैसे दिले. एकाने मुलगा नोकरीला लागल्यावर गावाहून येऊन दिले, तेव्हा त्या रकमेत दोन दिवसांचा बाजारही येत नव्हता. मावशीने ते मोजून घेतले आणि त्याच्या नावावर रेघ मारायला लावली. काहींचे कधीच आले नाहीत. त्यांच्याबद्दल तिने वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही, पण पान फाडलेलंही पाहिलं नाही.

यंदा जूनमध्ये शाळांच्या फीसाठी आमच्या गंगाजळीकडे नेहमीपेक्षा जास्त मागण्या आल्या आहेत. दोन जुने हप्ते यायचे आहेत आणि शिल्लक पुरणार नाही असं दिसतंय. एका शाळेला हप्त्यांत फी घ्यायला तयार करता येतंय का, ते बघायला आमच्यातल्या दोघी सोमवारी जाणार आहेत. बाकीच्यांनी या महिन्याची वर्गणी थोडी वाढवावी, असा निरोप सकाळीच सगळ्यांना पाठवला आहे.